हवा चाखून पाहणारा माणूस

मागच्या वर्षी जानेवारीत, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, आमचा एक मित्र बाथरूममध्ये गुदमरला. निदान हॉस्टेलपासून कँटीनपर्यंत बातमी पसरली ती याच शब्दांत. हा मित्र हॉस्टेलला राहत नाही. कॉलेजच्या मागच्या बाजूला तिघांनी मिळून फ्लॅट घेतलाय. बाथरूम एवढंसं, थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला आणि भिंतीवर गॅस गीझर. रात्रभर जागून शीट्स पूर्ण केल्या आणि सकाळी स्वारी अंघोळीला गेली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. आत पाणी पडतंय, पण हाकेला ओ नाही. शेवटी दोघांनी खांदे लावून कडी तोडली. पठ्ठ्या बादलीला टेकून बसलेला, डोळे अर्धवट उघडे, चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत आमच्यापैकी एकानं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोविडपासून ते यंत्र घराघरात आहेच. आकडा आला 98. आम्ही म्हटलं, चला, ऑक्सिजन तर डिस्टिंक्शनमध्ये आहे! डॉक्टरांनी त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गीझर विजेचा की गॅसचा एवढंच विचारलं आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. संध्याकाळपर्यंत डोकेदुखीपलीकडे काही उरलं नाही.

दोन दिवसांनी मी त्याला सहज विचारलं की गुदमरताना कसं वाटलं. तो विचार करून म्हणाला की गुदमरल्यासारखं काही वाटलंच नाही. पाय जरा सैल पडले, बसावंसं वाटलं, जागरणाचा शीण असेल म्हणून तो बसला. दार दोन हातांवर होतं. पण उठून ते उघडावं हे काही त्याला सुचलं नाही.

हे न सुचणं माझ्या डोक्यात बसलं. आम्हाला सेफ्टीचं एक इलेक्टिव्ह आहे (मार्क सोपे मिळतात म्हणून घेतलेलं, खोटं कशाला बोलू). त्यात एका स्लाइडवर पिंजऱ्यातल्या पिवळ्या पक्ष्याचं चित्र होतं आणि खाली नाव होतं जे. एस. हॉल्डेन. परीक्षेपुरतं तेवढं पुरेसं होतं. या प्रकारानंतर मात्र मी त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. माझ्या मित्राला जे सुचलं नाही, ते का सुचलं नाही, याचा शोध या गृहस्थानं सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून लावला होता.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा जन्म मे 1860 मध्ये एडिनबरोला झाला. घराणं स्कॉटलंडमधलं जुनं, खानदानी. घराण्याच्या चिन्हावर एकच शब्द कोरलेला होता, ज्याचा अर्थ होतो सोसा. पोरानं तो जरा जास्तच मनावर घेतला असं म्हणायला हरकत नाही. थोरला भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सेलर झाला. बहीण एलिझाबेथ लेखिका. मामा जॉन बर्डन सँडरसन ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. थोडक्यात, वशिला लावून आरामात जगता येईल असं घर. जॉननं 1884 साली वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. त्याला रस होता तो हवेत. आपण जी आत घेतो आणि बाहेर सोडतो, त्या साध्या हवेत.

सुरुवात झाली डंडी या गिरणगावात. तिथल्या एका खोलीत सात-आठ माणसं झोपणाऱ्या वस्त्या, शाळांचे कोंदट वर्ग, यांतली हवा बाटल्यांत भरून आणायची आणि तपासायची. मग ऑक्सफर्डला मामांच्या खात्यात गेल्यावर गटारांतली हवा. त्या काळी समजूत होती की माणसाच्या उच्छ्वासात कसलं तरी गूढ सेंद्रिय विष असतं आणि गर्दीत डोकं दुखतं ते त्यामुळे. हॉल्डेन यांनी काय करावं? एक हवाबंद पेटी केली, तिच्यात स्वतः बसले, आणि आपलीच सोडलेली हवा तासन्‌तास घेत राहिले. धाप लागली, डोकं ठणकलं, पण कारण निघालं साधा कार्बन डायऑक्साइड. गूढ विष वगैरे काही नाही. ही त्यांची पद्धत आयुष्यभर टिकली. ज्या हवेबद्दल शंका, ती आधी स्वतः घेऊन बघायची.

1890 च्या दशकात ते कोळशाच्या खाणींकडे वळले. आता इथे थोडी भाषेची गंमत सांगायला हवी. इंग्रज खाणकामगार खाणीतल्या वाईट हवेला 'डॅम्प' म्हणत. त्याचा ओलाव्याशी संबंध नाही, वाफ या अर्थाच्या जर्मन शब्दाशी आहे. पेट घेणारा तो फायरडॅम्प, म्हणजे मिथेन. सडक्या अंड्यांचा वास येणारा तो स्टिंकडॅम्प. दिवा विझवणारा आणि माणसाला खरोखर कासावीस करणारा तो ब्लॅकडॅम्प. स्फोटानंतर मागे राहणारं मिश्रण ते आफ्टरडॅम्प. आणि एक होता व्हाइटडॅम्प. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रसायनशास्त्रज्ञ त्याला तेव्हा कार्बनिक ऑक्साइड म्हणत, आपण कार्बन मोनॉक्साइड म्हणतो.

खाणकामगाराचा खरा भरवसा होता दिव्यावर. ब्लॅकडॅम्प म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड, हे हॉल्डेन यांनीच तपासून सांगितलं. त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून माणूस पडायच्या कितीतरी आधी दिवा विझतो. दिवा विझला की मागे फिरायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. पण व्हाइटडॅम्पमध्ये दिवा मजेत जळत राहतो. ऑक्सिजन भरपूर असतोच ना! माणूस दिव्याकडे बघून निर्धास्त पुढे जातो आणि काही वेळानं दिवा जळत असतो, माणूस पडलेला असतो.

फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी आधीच दाखवलं होतं की हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. पण किती चिकटल्यावर माणसाचं काय होतं, हे कोणाला ठाऊक होतं? 1894-95 च्या सुमारास हॉल्डेन यांनी प्रयोगशाळेत बसून कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा मोजून मापून घ्यायला सुरुवात केली. दर काही मिनिटांनी बोटातून रक्ताचा थेंब काढायचा आणि बघायचं. बघायची रीत आपल्या फर्स्ट इयरच्या टायट्रेशनसारखी. साधं रक्त पाण्यात खूप पातळ केलं की पिवळसर दिसतं, कार्बन मोनॉक्साइड असलेलं गुलाबी दिसतं. मग साध्या रक्तात कार्माइन या लाल रंगाचं द्रावण थेंब थेंब टाकत जायचं, दोन्ही नळ्यांचे रंग जुळेपर्यंत. किती थेंब लागले त्यावरून किती टक्के हिमोग्लोबिन त्या वायूनं अडवलंय ते कळतं. ब्युरेट नीट न वाचता व्हायवाला रीडिंग ठोकून देणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे दोन मिनिटं शांत बसावं, कारण या गृहस्थांच्या रीडिंगमध्ये चूक झाली तर जीवच जायचा.

ते 56 टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्त कामातून गेलेलं. त्यांनी जे नोंदवलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला बराच वेळ विशेष काही कळत नाही. हालचाल केली, जिना चढला, की छाती धडधडते, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग पाय लटपटतात, आधाराशिवाय उभं राहता येत नाही. आणि या सगळ्याबरोबर, किंबहुना आधीच, विचारशक्ती मंदावते. दारू चढलेल्या माणसासारखं होतं. आपण ठीक आहोत अशी त्याची खात्रीच असते.

गुदमरण्याची भावना का येत नाही, याचा पुढचा दुवाही पुढे त्यांनीच जोडला. 1905 साली प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवलं की आपल्या श्वासाची गती ठरवणारा मुख्य अधिकारी म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो साचला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि आपण कासावीस होतो. उशी तोंडावर दाबली तर जीव घाबरतो तो यामुळे. कार्बन मोनॉक्साइड घेताना मात्र माणूस नेहमीसारखा श्वास घेत असतो, कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर जात असतो, फुप्फुसात हवा खेळत असते. घंटा वाजवायला कोणी नसतंच.

आता पेपरातलं वाक्य आठवा. थंडीच्या दिवसांत कुठल्या तरी शहराच्या पानावर चार ओळींची बातमी असते, गीझरच्या वायूमुळे किंवा बंद खोलीत शेगडी पेटवल्यामुळे गुदमरून मृत्यू. कार्बन मोनॉक्साइड हा शब्द आपल्याकडे वाक्यात येतो तो बहुतेक वेळा 'गुदमरून'च्या शेजारी. वाचणाऱ्याला वाटतं, गुदमरायला लागलं की आपण दार उघडूच की! आपण काय कुक्कुलं बाळ आहोत? त्या एका शब्दामुळे आपण अशा इशाऱ्याची वाट पाहत बसतो जो कधीच येणार नसतो. पुण्याच्या माझ्या काकूंनाही मी हे समजावलं, तर त्या म्हणाल्या की आम्ही काय रोज मरतोय का. त्यांचंही बरोबर. रोज नाहीच होत.

पुन्हा खाणीकडे. 27 जानेवारी 1896 ला वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत कोळशाच्या धुळीचा भयंकर स्फोट झाला. 57 माणसं गेली, खाणीत काम करणारे कितीतरी घोडे गेले. हॉल्डेन तिथे पोचले आणि एकेक मृतदेह तपासू लागले. तोपर्यंतची समजूत अशी की स्फोटात माणसं स्फोटानं मरतात. धक्क्यानं, भाजून, दगड पडून. हॉल्डेन यांना दिसलं ते वेगळंच. बहुतेकांच्या अंगावर जीव जाईल अशी जखमच नव्हती. त्वचेवर मात्र एक विलक्षण गुलाबी छटा होती. रक्त तपासलं, तोच कार्माइनचा रंग. बहुतेक माणसं स्फोटानं नव्हे, त्यानंतर पसरलेल्या आफ्टरडॅम्पमधल्या कार्बन मोनॉक्साइडनं मेली होती.

यात काय मोठंसं, मेली ती मेलीच, असं कोणी म्हणेल. पण नीट बघा. स्फोटानं मेला असता तर माणूस त्या क्षणी संपला, काही करण्यासारखं नाही. वायूनं मेला याचा अर्थ स्फोटानंतरही तो काही वेळ जिवंत होता, चालत होता, बाहेरची वाट शोधत होता. म्हणजे त्याला वाचवता आलं असतं. वाट दाखवणारं, हवा ओळखणारं, श्वास पुरवणारं काहीतरी हाती असतं तर. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या अहवालात हॉल्डेन यांनी हे मांडलं आणि बचाव पथक या कल्पनेलाच त्यातून अर्थ आला. हे काम हाडाच्या इंजिनिअरचं आहे असं मला वाटतं, डिग्री डॉक्टरची असली तरी.

पुढच्याच वर्षी या वायूनं आपला खाक्या सगळ्यांना दाखवला. आयल ऑफ मॅन बेटावरच्या स्नेफेल शिशाच्या खाणीत मे 1897 मध्ये आत लाकडांना आग लागून हा वायू पसरला आणि 20 कामगार गेले. चौकशीसाठी सरकारी खाण निरीक्षक क्लेमेंट ले नेव्ह फॉस्टर आत उतरले. अनुभवी माणूस, धोका काय आहे ते पूर्ण माहीत असलेला. तरीही वायूनं त्यांना गाठलं. आता सुटका नाही असं वाटून त्यांनी वहीत बायकोमुलांसाठी निरोप लिहायला घेतला, आणि तोच तोच निरोप पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. मधूनच आपल्याला काही वेदना नाहीत हेही लिहिलं. त्यांना बाहेर काढलं, ते वाचले. तपासणीचा कागद म्हणून पाहिलं तर ती वही म्हणजे विझत चाललेल्या बुद्धीचा आलेखच आहे.

हॉल्डेन यांच्या स्वतःच्या घरातही अशीच एक आठवण सांगतात. खाणीतल्या दुर्घटनेनंतर त्यांनी सुखरूप असल्याची तार बायकोला केली. थोड्या वेळानं तीच तार पुन्हा आली. मग पुन्हा. आधीची पाठवल्याचं ते वायूच्या अंमलात विसरूनच जात होते.

आता चिकटण्याचा हिशोब. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी मैत्री ऑक्सिजनच्या दोनशे-अडीचशे पट घट्ट. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. मग 21 ला 210 नं भागा, आले 0.1. म्हणजे हवेत हजारात एक भाग जरी हा वायू असला, तरी पुरेसा वेळ गेल्यावर निम्मं हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जाणार. कॅल्क्युलेटर न काढता होणारं गणित आहे, पण सगळी गोम 'पुरेसा वेळ' या शब्दांत आहे. माणसाला त्या टोकाला पोचायला बराच वेळ लागतो. छोट्या, गरम रक्ताच्या प्राण्याला फार कमी लागतो, कारण वजनाच्या मानानं तो कितीतरी जास्त हवा आत घेतो. हॉल्डेन यांची सूचना इथूनच आली. खाणीत जाताना उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्या. तो आधी कोसळेल, आणि तुम्हाला मागे फिरायला काही मिनिटं मिळतील.

पक्षी उंदरापेक्षा बरा ठरला. उंदीर एरवीही कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, त्यामुळे तो झोपलाय की बेशुद्ध ते कळत नाही. कॅनरी मात्र दांडीवरून खाली पडते, लांबूनही दिसतं. साधारण 1911 पासून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी ठेवणं नेहमीचं झालं आणि 1986 साली इलेक्ट्रॉनिक यंत्रं येईपर्यंत चाललं. आपल्याला वाटतं ती बिचारी मरायचीच. नेहमी नाही. चांगल्या हवेत आणली की बहुतेकदा सावरायची. एक पिंजरा तर असा बनवला होता की त्याला वर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जोडलेला. पक्षी पडला की झडप बंद करायची, नळ उघडायचा, पक्षी पुन्हा दांडीवर. खाणकामगार त्यांच्याशी गप्पा मारायचे, शीळ घालायचे म्हणतात.

उंदरांवरून आठवलं. हॉल्डेन यांनी एका उंदराला दोन वातावरण दाबाचा ऑक्सिजन आणि एक वातावरण दाबाचा कार्बन मोनॉक्साइड अशा भयानक मिश्रणात ठेवलं. हिमोग्लोबिन पूर्ण अडलेलं, तरी उंदीर जिवंत! कारण जास्त दाबामुळे ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यातच विरघळून पुरेसा पोचत होता. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. हा वायू वेगळं विष म्हणून मारत नाही, तो फक्त ऑक्सिजनची जागा अडवतो. आणि उपाय म्हणजे ऑक्सिजन, जितका शुद्ध आणि जितका लवकर तितका चांगला. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. आमच्या मित्राच्या तोंडावरचा मास्क हा त्या उंदराचा वारसदार. ऑक्सिमीटरचं म्हणाल तर ते बिचारं रक्ताचा रंग बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइडनं लाल झालेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. म्हणून 98.

घर कसं होतं हे सांगायचा मोह आवरत नाही. लग्न 1891 मध्ये लुइसा ट्रॉटर यांच्याशी झालं. मुलगा जॅक, मुलगी नेओमी. ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या घरातच प्रयोगशाळा होती आणि तिच्यात काचेची खिडकी असलेली हवाबंद खोली. बाबा आत वायू घेत बसायचे, कोणीतरी बाहेरून लक्ष ठेवायचं. विसरभोळेपणा तर असा की घरी पाहुणे जेवायला आले असताना कपडे बदलायला वर गेले ते आलेच नाहीत. जाऊन पाहिलं तर पांघरूण घेऊन झोपलेले. कपडे काढतोय म्हणजे रात्र झाली असणार, असा त्यांनी सरळ निष्कर्ष काढला होता.

जॅकला ते लहानपणीच खाणीत घेऊन जायचे. एकदा छताशी मिथेन साचलेल्या जागी त्याला उभं करून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पाय लटपटून पोरगं खाली बसलं, आणि जमिनीलगत हवा चांगली असल्यामुळे पुन्हा ठीक झालं. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हा धडा जन्मभराचा झाला. आपल्या कुठल्याही पालकानं हे केलं तर पोलीस केस होईल, आणि व्हावी. पण तो जॅक म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले जे. बी. एस. हॉल्डेन. त्यांचा पहिला महत्त्वाचा शोधनिबंध, 1912 सालचा, वडील आणि डग्लस यांच्याबरोबर याच विषयावर होता, हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांच्याशी कोणत्या नियमानं जोडलं जातं. हे जेबीएस 1957 साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

वडिलांची बाकीची कामं मी पळत पळत सांगतो, नाहीतर संपादक मंडळ पानं कापेल. पाणबुड्यांना वर येताना होणारा त्रास टाळण्यासाठी टप्प्याटप्प्यानं वर यायचं कोष्टक त्यांनी बोकडांवर प्रयोग करून 1908 मध्ये प्रसिद्ध केलं. आजची डायव्हिंगची कोष्टकं त्याच घराण्यातली. 1911 मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, चार हजार मीटरहून उंच, राहून विरळ हवेचा अभ्यास केला. एप्रिल 1915 मध्ये जर्मनांनी ईप्रला विषारी वायू सोडला तेव्हा सरकारनं यांनाच फ्रान्सला धाडलं. तो क्लोरीन आहे हे त्यांनी ओळखलं आणि परत येऊन मास्कच्या चाचण्यांसाठी पुन्हा स्वतः क्लोरीन घेतला. पन्नाशी उलटून गेली होती तेव्हा. ऑक्सफर्डचं मुख्य प्राध्यापकपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही.

आणि ते चुकलेही. कोळशाची धूळ फुप्फुसांना फारशी अपायकारक नाही असं त्यांचं मत होतं, आणि शेवटपर्यंत राहिलं. त्यांच्या शब्दाला वजन इतकं की खाणमालकांना हा आधार आयताच मिळाला. धुळीनं छाती गेलेल्या कोळसा कामगारांचं दुखणं ब्रिटनमध्ये मान्य झालं ते 1940 च्या दशकात, हॉल्डेन गेल्यावर. वायूचं विष अर्ध्या तासात स्वतःवर तपासता येतं. धुळीला वीस वर्षं लागतात. कदाचित त्यांची पद्धतच तिथे तोकडी पडली असेल, हे आपलं माझं मत.

वयाच्या पंचाहत्तरीत ते इराणच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांना उष्माघात का होतो हे बघायला गेले होते. तिथून परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च 1936 मध्ये ऑक्सफर्डला घरीच वारले.

आमच्या आजोळी जुना तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडं, आणि जागा परसात. अंघोळीचं पाणी बादलीतून आत न्यायचं. लहानपणी मला तो मागासलेपणा वाटायचा. जळण बाहेर आणि माणूस आत, एवढं मात्र त्या व्यवस्थेत पक्कं होतं. गॅस गीझरमध्ये आपण ज्वाला आणि माणूस एकाच सहा बाय चारच्या खोलीत कोंडतो, वर पुठ्ठा लावतो. ज्वाला खोलीतला ऑक्सिजन खाते, तो कमी पडला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. गॅसला मुद्दाम घातलेला वासही जळून गेलेला असतो, म्हणून नाकालाही पत्ता लागत नाही.

मित्राच्या घरमालकांनी थोडी कुरकुर करून का होईना, गीझर गॅलरीत हलवला. पाइप लांब झाल्यामुळे पहिली अर्धी बादली गार येते. मित्र रोज सकाळी त्यावरून ओरडत असतो, आणि बाकीचे दोघं तो ओरडतोय ना हे बाहेरून ऐकत असतात.